निळ्या टेपचं बेट

शनिवारी ऑरिन पिंजरे ओढायला गेला
तेव्हा मी जमिनीवर निळी टेप चिकटवली.
सहा फूट लांब, रुंदीला तीन फुटांना एक बोट कमी.
मग चारी बाजूंनी चालून पाहिलं.
ओव्हनचं दार उघडून वाकले,
पाठ कशाला लागते?
अजून तरी हवेला.
पुस्तकात लिहिलंय, मागे बेचाळीस इंच सोडा.
आमच्याकडे अडतीस निघतात.
मी थोडी बारीक होईन.

नोव्हा स्कोशियाच्या या किनाऱ्यावर
बेट म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही.
धुकं नसलं तर सिंकवरच्या खिडकीतून तीन दिसतात.
पण स्वयंपाकघरातल्या बेटाला ड्रॉवर लागतात,
कपाट लागतं, बसायला जागा लागते,
आणि ग्लेंडाच्या मते डोकं ठिकाणावर लागतं.
ग्लेंडा माझी नणंद.
“एवढीशी खोली, त्यात बेट?
मग काय, फ्रिजपर्यंत पोहत जाणार का, व्हर्ना?”

वीजबिलाच्या पाठीवर मी नकाशा काढला.
वरचा ड्रॉवर उथळ: चमचे, सुऱ्या,
लॉबस्टर फोडायचे अडकित्ते.
मधल्यात पीठ, साखर, मोलॅसिस.
खालचा खोल, त्या मोठ्या पातेल्यासाठी,
जे नऊ वर्षं जिन्याखाली राहतंय
भाडं न देता.
दाराकडच्या अंगाला एक कप्पा उघडाच,
कुत्र्याच्या वाडग्यांसाठी.
(त्यालाही काही मत असेल.)

वरची फळी मात्र आधीच आलीय.
गोदीजवळचा बोलिंगचा अड्डा बंद पडला
तेव्हा लेस्टर टॅनर करवत घेऊन
धावपट्टी फुटाफुटानं विकत होता.
सात फूट मी घेतली. मेपल.
मध्ये काळ्या लाकडाचे बाण जडवलेत, नेम धरायला.
तिथे मी गुण लिहायचे, अठरा वर्षांची असताना.
ऑरिनचा चेंडू बाणाला सोडून
हमखास कडेच्या नाळीत जायचा
आणि तो वळून माझ्याकडे बघायचा.
मी शून्य काढायचे.
नीट, गोल.

बसायचा हिशोब सोपा आहे:
माणशी दोन फूट.
गुडघ्यांसाठी फळी बारा इंच बाहेर,
तिच्या खाली लोखंडी कंस,
नाहीतर कुणी रेलला की सगळं आडवं.
सहा फुटांत तीन स्टुलं.
आम्ही दोघं.
तिसऱ्याचं काय
हे मी बिलावर लिहिलं नाही.
डॅरिल कॅलगरीत आहे, नाताळला फोन करतो,
हवा कशी आहे विचारतो.

ऑरिन टेपबद्दल चकार शब्द बोलला नाही.
रविवारी नाही,
रात्री जेवताना नाही.

सोमवारी पहाटे चारला तो उठला.
दिवा लावत नाही, मला जाग येऊ नये म्हणून.
जाग येतेच.
पडल्या पडल्या ऐकत होते:
किटलीचं झाकण, कुत्र्याची नखं,
मग त्याची पावलं, सिंककडून दाराकडे,
बत्तीस वर्षं जी नाकासमोर सरळ गेली
ती मधेच थांबली.
वळली.
अंधारात, जिथे काहीच नव्हतं,
त्या काहीच नसलेल्याला वळसा घालून
दारापाशी पोचली.

संध्याकाळी बघते तर
खिडकीकडची टेप चार इंच पुढे सरकलेली.
काम त्याचंच: टोकं आत दुमडलेली,
दोर उसवू नये म्हणून दुमडतात तशी.
“हे काय?” मी विचारलं.
“माझं कोपर,” तो म्हणाला,
आणि बूट काढायला बसला.

मी बिल काढलं, जुना आकडा खोडला.
सहा फूट चार इंच.
लाकूड सात फूट आहे, पुरतं.
उरलेल्या आठ इंचांत
एक बाण अख्खा येतोय.
त्याचं काय करायचं ते मी ठरवलंय,
ऑरिनला अजून सांगितलेलं नाही.